जुन्या फॉन्टमधला अर्ज स्क्रीन रीडरला वाचता यावा म्हणून : माझा अनुभव

"आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय." एका कार्यालयाचा सवलतीचा अर्ज अंध अर्जदारांना स्वतःचा स्वतः भरता यावा, एवढंच काम होतं आणि ते या एका वाक्यापाशी जितकं अडलं तितकं दुसऱ्या कशानेही अडलं नाही. अर्जात रकाने टाकणं, टॅग (म्हणजे मजकुराची रचना सांगणाऱ्या, पडद्यावर न दिसणाऱ्या खुणा) लावणं वगैरे सुरळीत पार पडलं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. फॉन्टबद्दल मात्र सविस्तर.

मूळ फाइल वर्डची, मजकूर कृतिदेवमध्ये. अशा जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो, इतकंच. 'दिनांक' हा शब्द फाइलमध्ये एफ, एन, यू, के, ए, डी असा असतो. 'अर्ज' म्हणजे व्ही, टी, झेड. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. संगणकावरचा एनव्हीडीए असो किंवा मोबाइलवरचा टॉकबॅक, तो आकार बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. त्यामुळे डोळस माणूस 'अर्ज' वाचतो आणि अंध माणसाला ऐकू येतं व्हीटीझेड. ब्रेल डिस्प्लेवरही, म्हणजे मजकूर बोटांना कळणाऱ्या टिंबांत उमटवणाऱ्या यंत्रावरही, तेच उमटतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत असेल तर त्याचं भारती ब्रेल (भारतीय भाषांची ब्रेल लिपी) आपोआप होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

हे समजावायला लांबलचक पत्रं लिहू नका, कोणी वाचत नाही. समोर बसून मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला की 'व्यवस्थित दिसतंय' हा मुद्दा संपतो.

मुद्दा संपला तरी काम सुरू होत नाही, कारण खरी अडचण टंकलेखकाची असते. टाइपरायटरच्या मांडणीवर बोटं बसलेली, आणि युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट ही कळांची वेगळीच मांडणी नव्याने शिकणं असा समज. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. युनिकोडमध्येही रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्याच मांडणीचे कीबोर्ड मिळतात. तो बसवून दिला की बोटांची सवय तीच राहते आणि फाइलमध्ये खरी देवनागरी उतरते. हे आधी सांगितलं तर निम्मा विरोध मावळतो. शेवटी सांगितलं तर तोवर फाइल साहेबांच्या टेबलावर जाऊन पडलेली असते.

आता रूपांतर. कन्व्हर्टरमध्ये अख्खी फाइल ओतायची आणि युनिकोड काढून घ्यायचं, असं वाटतं. तसं होत नाही. कोणत्या इंग्रजी अक्षराला कोणता आकार, हा तक्ता प्रत्येक जुन्या फॉन्टचा वेगळा असतो. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टच्या मजकुराला चालत नाही. एकाच अर्जात वरच्या ओळी एका फॉन्टमध्ये आणि नंतर घुसवलेली टीप दुसऱ्याच फॉन्टमध्ये, हे नेहमीचं. वर्डमध्ये शोधा-बदला खिडकीत फॉरमॅटमधून फॉन्ट निवडून शोधता येतं. त्या फॉन्टचा मजकूर तेवढाच उचला आणि त्याच्या कन्व्हर्टरमधून काढा. नाहीतर ईमेलचा पत्ता आणि खरे इंग्रजी शब्दही देवनागरीत जातात आणि त्यांचा पार चुथडा होतो. कृतिदेवमध्ये अर्धविरामाच्या कळीवर 'य' असतो, म्हणजे इंग्रजी मजकुरातल्या अर्धविरामाचा 'य' होऊन बसतो.

दुसरी भानगड क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर ते तसे दिसतात. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : आधी 'द' मग वेलांटी, आधी 'र्' मग 'ज'. चांगला कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरावर वेलांटी किंवा मात्रेसकट रफार आला की चुकतो. 'विद्यार्थी', 'स्थिती', 'वार्षिक' हे शब्द मुद्दाम तपासा.

तिसरी खास मराठीची. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले कन्व्हर्टर 'अधिकाऱ्याची सही' चं 'अधिकार्याची सही' करतात. 'कर्मचाऱ्याचे', 'दुसऱ्या', 'उताऱ्या' सगळीकडे तेच. सरकारी अर्जात 'अधिकाऱ्या' किती वेळा येतो ते वेगळं सांगायला नको. युनिकोडमध्ये हा र लिहिण्याचा सरळ मार्ग म्हणजे टिंबवाला ऱ, हलन्त आणि मग य.

शुद्धलेखन डोळ्यांनी तपासू नका, कानांनी तपासा. सरावलेला डोळा चुकीचा शब्दही बरोबर वाचून टाकतो. एनव्हीडीए फुकट आहे, त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या भागात मराठी आवाज आहे. एकेक ओळ ऐकत गेलं की सुटलेला हलन्त लगेच खटकतो.

एवढं झाल्यावर पीडीएफ केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली की पुन्हा 'िदनांक' आणि 'अजर्' दिसू शकतं. हा दोष फॉन्टचा नाही, पीडीएफचा आहे. पीडीएफमध्ये आकार ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने साठवले जातात आणि वेलांटी-रफार परत आपल्या जागी जातात. 'प्रिंट टू पीडीएफ' कधीच वापरू नका, त्यात टॅग उडतात. 'सेव्ह अ‍ॅज' मधून, पर्यायांमध्ये रचनेचे टॅग ठेवण्याची खूण करून पीडीएफ काढा. तरीही क्रम बिघडला तर लिबरऑफिसमधून काढून बघा. तेही जमलं नाही तर अ‍ॅक्रोबॅटमध्ये टॅगला 'अ‍ॅक्चुअल टेक्स्ट' म्हणून बरोबर मजकूर द्यावा लागतो. किचकट काम आहे. माझं मत विचाराल तर मराठी अर्ज पीडीएफमध्ये ठेवण्यापेक्षा वेब फॉर्म करावा आणि सोबत वर्डची फाइल द्यावी. पण 'छापील नमुन्यात बदल चालत नाही' असं उत्तर येतं, तेव्हा पीडीएफशीच झटावं लागतं.

बाकीचं पटकन. 'नाव : ..........' मधली टिंबं काढून तिथे भरायचा रकाना टाका, नाहीतर स्क्रीन रीडर टिंबंच वाचत बसू शकतो. रकान्याच्या टूलटिपमध्ये (रकान्याला जोडलेल्या सूचनेच्या मजकुरात) पूर्ण प्रश्न लिहा, कारण अर्जदाराला तोच ऐकू येतो. ती कोरी सोडली तर 'टेक्स्ट १', 'टेक्स्ट २' असलं काहीतरी कानावर पडतं. टॅबचा क्रम कागदावरच्या क्रमाशी जुळवा. दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा, यादीत मराठी नसेल तर 'एम आर' हा दोन अक्षरी कोड इंग्रजीत टाइप करा. तसं नसेल तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा भलताच उच्चारतो.

कार्यालय फारच ताणून धरत असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ दाखवा. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी त्यात सरकारवर आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचाच भाग मानला आहे.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट तर मंजुरीनंतर घडते. तयार झालेली फाइल छापतात, तिच्यावर सही-शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि तीच स्कॅन प्रत संकेतस्थळावर चढते. म्हणजे फक्त चित्र. एकही अक्षर वाचता येत नाही. म्हणून मंजुरीच्या टिपणीतच लिहून घ्या : सही-शिक्क्याची प्रत दप्तरी राहील, संकेतस्थळावर मूळ डिजिटल प्रतच जाईल. सही हवीच असेल तर डिजिटल सही करा.

मूळ फाइल हरवलेली असेल आणि फक्त कागद असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. पण घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत होते आणि अनुस्वार गळतात, म्हणून ओसीआरनंतरही एकेक ओळ ऐकायचीच.

आणि वेब फॉर्म करत असाल तर मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात ०१२३ असे देवनागरी आकडेही चालू द्या. मराठी कीबोर्डवरून टाइप करणाऱ्याला बरोबर दहा आकडे भरूनही 'क्रमांक चुकीचा' ऐकू येतं आणि नक्की काय चुकलं ते कळायला मार्ग नसतो.