एल्क कॅम्पची ताडपत्री घेताना आधी झोळाचा विचार करा

मागच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला, रायफल सीझनमध्ये, आम्ही सहा जणांनी साडेनऊ हजार फुटांवर नॅशनल फॉरेस्टमध्ये कॅम्प टाकला होता, आणि दुसऱ्या रात्री बर्फ पडला नि आमची १६ बाय २० फुटांची निळी ताडपत्री पहाटे तीनला खाली आली. खाली कोणी नव्हतं, सगळे आपापल्या टेंटमध्ये झोपलेले, पण शेगडी, कॉफी, वाळत घातलेले मोजे, बूट सगळं बर्फाखाली. पुढचे दोन दिवस ओल्या बुटांनी डोंगर चढलो. म्हणून या वर्षी ताडपत्री निवडायचं काम मी अंगावर घेतलं.

(आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, इथे ती सरकारी लायसन्स, हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट आणि अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक ऑरेंज किंवा गुलाबी घालून, ठरलेल्या तारखांनाच होते. एल्क म्हणजे सांबराहून मोठं हरीण, नर सरासरी ७०० पौंडांचा.)

फोनवर अण्णांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "झोळ पडला होता का रे?" निफाडकडे आमचं आयुष्य कांद्यावर ताडपत्री टाकण्यात गेलंय. पडला होता झोळ. आम्ही ती जवळजवळ सपाट बांधली होती, म्हणजे खाली जागा जास्त मिळेल. नंतर हिशोब केला, ३२० चौरस फुटांवर सहा इंच बर्फ म्हणजे १६० घनफूट, घनफुटाला १० पौंड धरले तरी १६०० पौंड, म्हणजे सव्वासात क्विंटल. कांद्याच्या पन्नास किलोच्या चौदा गोण्या चार दोऱ्यांवर ठेवल्यासारखं झालं ते.

त्यामुळे दुकानात मापं बघताना सपाट मापाला भुलू नका. आढ्यासारखी मधोमध दोरी बांधून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांचा उतार दिला की १६ फुटांची रुंदी जमिनीवर सव्वाअकरा फूटच उरते. कडा जमिनीपासून तीन फुटांवर ठेवल्या तर आढं पावणेनऊ फुटांवर जातं, ते ट्रकच्या हौद्यात उभं राहून बांधावं लागतं. शिवाय पागोळ्या आणि वाऱ्याने आत येणारा शिंतोडा यासाठी चारही कडांचा एकेक फूट सोडा. ३२०चे साधारण १६५ चौरस फूट कोरडे राहतात. सहा खुर्च्या, एक टेबल, शेगडी आणि कपडे वाळवायची दोरी एवढ्याला ते पुरतात. झोपायला टेंट आहेत, ताडपत्री फक्त स्वयंपाक आणि बसण्यासाठी, हे आधीच ठरवून टाका म्हणजे उगाच २० बाय ३०च्या मागे जाणार नाही. तेवढं मोठं धूड वाऱ्यात आवरायला सहा जणही कमी पडतात.

आता कापड. साधी प्लास्टिकची विणलेली ताडपत्री स्वस्त, पण वाऱ्यात रात्रभर फडफडते, आयलेट (दोरी ओवायच्या कडेच्या धातूच्या कड्या) उपटतात, आणि बऱ्याचदा छापलेलं माप शिवायच्या आधीचं असतं, हातात काही इंच कमीच येतं. जाड घेतली तर वजन सहा किलोपर्यंत जातं. कॅनव्हास मला मनापासून आवडतो, ठिणगी पडली तर पटकन भोक पडत नाही, पण दहा किलोच्या वर वजन आणि ओला झाला की उचलवत नाही. सिलिकॉनचा हात दिलेलं नायलॉन हलकं, मात्र ओलं झालं की सैल पडतं, म्हणजे रात्री उठून दोऱ्या ताणा. त्याच जातीचं पॉलिएस्टर कमी सैलावतं, दोनेक किलोत १६ बाय २० बसतं आणि बर्फ त्यावरून घसरतो, नाही घसरला तर आतून काठीने हळू टपली द्यायची. आम्ही तेच घेतलं. एकच अट, लाकडाची शेकोटी त्याच्या खाली नाही, बाजूला, वाऱ्याची दिशा बघून. ठिणगीने त्याला लगेच भोक पडतं.

कडांना आयलेटऐवजी शिवलेले पट्ट्यांचे फासे असतील तर बघा, आणि ताडपत्रीच्या मधल्या भागातही दोन-चार असावेत, तिथून बाहेर ताण दिला की झोळ राहत नाही. फासा तुटला तर कापडात गोल खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधायची, आमच्या शेतावरचीच युक्ती.

झाडं मात्र नीट बघून निवडा. १९९६पासून पाइन बीटल या झाडं पोखरणाऱ्या भुंग्याने कोलोरॅडोत सुमारे ३४ लाख एकरांतल्या जंगलाला झळ पोचलीये, वाळलेले सोट अजून उभे आहेत, त्यांना दोरी बांधू नका नि त्यांच्या पडण्याच्या टप्प्यातही बसू नका.

आणि दुसरी छोटी १० बाय १२ची घेतलीये, मांसासाठी. एल्क मिळाला तर पाय-फऱ्या सावलीत, वारा खेळेल अशा टांगाव्या लागतात, ऑक्टोबरात दुपारचं ऊन चांगलंच लागतं. ती बसायच्या जागेपासून दूर, अस्वलं अजून फिरत असतात. मिळालेला प्राणी वाया जाऊ देणं मला सहन होत नाही, म्हणून या छोटीवर मी मोठीइतकाच वेळ घालवला.

रविवारी मित्राच्या अंगणात उभारून बघितली, पंचवीस मिनिटं लागली. पुढच्या शनिवारी रात्री हेडलॅम्प लावून परत उभारणार, कारण कॅम्पवर पोचतो तेव्हा अंधारच असतो.