बारा लाखांना शून्य, पंधरा हजारांना अडीच हजार

पगारदाराचा फेब्रुवारीचा पगार कराच्या नावाचा, असं आमच्याकडे वर्षानुवर्षं धरूनच चालायचे. शाळेतले शिक्षक, पतसंस्थांतले कारकून, बँकेतले अधिकारी वर्षभर कर किती कापला जातोय याकडे फारसं बघत नाहीत आणि शेवटच्या पगारबिलात उरलेला सगळा एकदम निघतो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर माफ केला, त्यामुळे यंदा त्यातल्या बऱ्याच जणांचा कर शून्य निघाला. मी इचलकरंजीत करसल्लागार आहे, त्यामुळे हा शून्य मी स्वतःच्या हाताने कितीतरी हिशेबांच्या शेवटी लिहिला. माध्यमिक शाळेतल्या एका बाईंचं करपात्र उत्पन्न ११ लाख ६० हजार. आदल्या वर्षीच्या दरांनी त्यांना उपकरासह ७६,९६० रुपये भरावे लागले असते. यंदा काही नाही. मुलगा पुण्यात शिकतो, त्याच्या हॉस्टेलच्या पैशांसाठी दरवर्षी पतसंस्थेत अर्ज करावा लागायचा, तो या वेळी करणार नाही म्हणाल्या. मला मनापासून आनंद झाला. या बाईंना मिळालेली सवलत चुकीची आहे असं मी कधीही म्हणणार नाही.

पण त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या वॉचमननी त्यांची पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. पगार १५,०००. कपातीच्या रकान्यात पी.टी. ३००, एरवी २०० असतात. म्हणाले, "मॅडम, यंदा टॅक्स माफ झालाय म्हणं. मग हे कशाचं कापत्यात?"

त्यांना मी पी.टी. म्हणजे व्यवसाय कर समजावून सांगितला. हा कर दिल्लीचा नाही, राज्याचा आहे. पुरुषाचा पगार महिन्याला १०,००० च्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बायकांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत माफ आहे, पुरुषांना नाही. कलम २७६ ने राज्यघटनेतच वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे महिना १५,००० मिळवणारा वॉचमन २,५०० भरतो आणि महिना १५ लाख मिळवणारा कंपनीचा संचालकही २,५००च भरतो.

आता हिशेब करून बघा. वॉचमनचं वर्षाचं उत्पन्न १,८०,०००. त्यातले २,५०० म्हणजे जवळपास १.४ टक्के. १२ लाख ७५ हजार पगार असणाऱ्याला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्या १२ लाखांवर प्राप्तिकर शून्य. व्यवसाय कर तोही २,५००च देतो, म्हणजे ०.२ टक्के. थेट पगारातून जाणारा कर बघितला तर वॉचमन त्याच्या सातपट दराने भरतोय. हे गणित मी पुन्हापुन्हा मांडून पाहिलं आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ झाले. करसवलतीवर इतकी भाषणं झाली, त्यांत या माणसाचा उल्लेख मला कुठेच सापडला नाही.

व्यवसाय कराचा इतिहास मुद्दाम सांगते, कारण तो करच वाईट आहे असा गैरसमज व्हायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली हा कर आणला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकार मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून थोडा वाटा उचलायचा, यामागचा विचार फार मोठा होता. आज मात्र पुरुषासाठीची ती १०,००० ची रेषा अशा ठिकाणी आहे की ज्याला खरं तर कुणीतरी हात द्यायला हवा तोच वाटा उचलतोय. महिना १०,००० म्हणजे आज काय, हे घरभाडं भरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आता मूळ सवलतीकडे येते. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी) १२ लाखांपर्यंत कर नाही असं जाहीर केलं. केंद्राने यासाठी सुमारे १ लाख कोटी रुपयांचं उत्पन्न सोडलं. उपकर आणि अधिभार सोडून केंद्राच्या कर-उत्पन्नातला ४१ टक्के वाटा राज्यांचा असतो, त्यामुळे सोडलेल्या पैशात राज्यांचाही हिस्सा आहे. "१२ लाखांपर्यंत शून्य" हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट झाली, तिची चर्चा कमी झाली. वरच्या उत्पन्नाचे टप्पेही रुंद झाले. आधी १५ लाखांच्या पुढे ३० टक्के लागायचे, आता २४ लाखांच्या पुढे लागतात.

कुणाला किती मिळालं ते आदल्या वर्षीच्या नव्या प्रणालीशी ताडून बघू, उपकर बाजूला ठेवून. करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर आधीही कर नव्हता, आताही नाही, फायदा शून्य. ८ लाखांवर ३०,००० वाचतात, १० लाखांवर ५०,०००, १२ लाखांवर ८०,०००. मग आकडा एकदम कोसळतो. १३ लाखांवर फक्त २५,००० वाचतात, १६ लाखांवर ५०,०००, १८ लाखांवर ७०,०००. आणि २४ लाखांच्या पुढे सगळ्यांना सरसकट १,१०,०००. वर्षाला ५ कोटी मिळवणाऱ्याचा अधिभार (मोठ्या उत्पन्नाच्या करावर बसणारा जादा कर) आणि उपकर त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे त्याच्या हाती १,४३,००० राहतात.

म्हणजे "मध्यमवर्गाची सवलत" म्हणून जी गाजली तिच्यात रुपयांत सगळ्यात जास्त मिळालं ते ५ कोटीवाल्याला.

माझ्या एका अशिलांचं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना आहे, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी मला चांगलंच सुनावलं. "बाई, रुपयांत काय बघतेस? टक्क्यांत बघ. बारा लाखवाल्याचा शंभर टक्के कर गेला. पाच कोटीवाला जवळजवळ एक कोटी नव्वद लाख भरतो, त्याचा पाऊण टक्काही सुटला नाही." अण्णांचं गणित बरोबर आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांच्याच आत बघितलं तर खालच्याला प्रमाणाने जास्त मिळालं, हे मान्य करायलाच हवं. पण ५ कोटीवाल्याला १,४३,००० ची गरज होती का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. १ कोटीच्या पुढे ३५ टक्क्यांचा एक टप्पा ठेवला असता, तर १ कोटी २२ लाखांपर्यंत पोहोचेतो वरची १,१०,००० ची सवलत पूर्ण वळती झाली असती. शाळेतल्या बाईंना एक रुपयाही कमी मिळाला नसता.

शिवाय वरच्यांना हे पहिल्यांदाच मिळालेलं नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीतला सर्वांत वरचा अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला. ५ कोटींवरच्या उत्पन्नाला लागणारा कमाल दर त्यामुळे ४२.७४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला. वर्षाला १० कोटी मिळवणाऱ्याला त्या एका ओळीने सुमारे ३७ लाख रुपये सुटले. त्यावर टीव्हीवर कुणी घसा कोरडा केल्याचं मला आठवत नाही. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला, वारशावरचा कर तर १९८५ सालीच गेला. वरच्या टोकाकडून कर येण्याचं एकेक दार बंद होत गेलं आणि त्याचा हिशेब एकत्र कुणी मांडला नाही.

मधल्यांचा एक खड्डाही सांगायला हवा, कारण तो प्रत्यक्ष कामात रोज समोर येतो. करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर कर शून्य. महागाई भत्त्याने ते १२ लाख ५० हजार झालं, तर वाढलेले सगळे ५०,००० कर म्हणून जातात आणि वर ४ टक्के उपकर, एकूण ५२,०००. भत्ता मिळाल्याबद्दल खिशातून २,००० भरायचे. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच अवस्था आहे, त्यानंतर नेहमीचे दर सुरू होतात. बँकेतले एक अधिकारी यावर माझ्याशी अर्धा तास वाद घालत होते, त्यांना वाटलं मीच बेरीज चुकवली. ज्यांच्या संस्थेकडून एनपीएस या पेन्शन योजनेत रक्कम जमा होते त्यांना काही वाट निघते, बाकीच्यांना नाही. एका आकड्यावर शून्य लिहायचं ठरवलं की त्याच्या पुढच्या पावलावर असा खड्डा पडतोच. टप्पे हळूहळू चढते ठेवले असते तर घोषणा इतकी आकर्षक झाली नसती, पण हिशेब सरळ झाला असता.

व्यापाऱ्यांचंही सांगते, ते माझ्याच कामाचा भाग आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या वह्यांचं ओझं नको म्हणून उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवता येतो. बँकेतून आलेल्या पैशांवर तो किमान ६ टक्के. म्हणजे २ कोटींची उलाढाल सगळी बँकेतून झाली असेल तर १२ लाख नफा दाखवता येतो आणि नव्या सवलतीत कर शून्य. आमच्या खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकांना मंदीत ६ टक्केही सुटत नाहीत, त्यांच्यासाठी ही तरतूद देवासारखी आहे. पण ज्यांचा खरा नफा २ कोटींवर ३० लाख आहे तेही १२ वरच थांबू पाहतात. कायदा म्हणतो, जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवा. मी तेच सांगते. काही जण त्यानंतर दुसऱ्या सल्लागाराकडे जातात. पगारदार माणूस, ज्याचा एकेक रुपया मालकाने दिलेल्या फॉर्म १६ या कर-दाखल्यात छापून येतो, तो याच गोष्टीने चिडतो आणि त्याचं चिडणं मला पटतं.

अण्णांचा दुसरा मुद्दा असा, की जो भरतो त्यालाच सवलत मिळणार, जो भरतच नाही त्याला काय परत द्यायचं? हे वाक्य मी दर आठवड्याला कुणाकडून तरी ऐकते. शिकलेली, चांगली माणसं ते बोलतात. त्यांना वाटतं की प्राप्तिकर म्हणजेच कर. आमच्या गल्लीत कांडी मशीनवर (मागासाठी सूत गुंडाळायचं यंत्र) काम करणाऱ्या एक मावशी राहतात. त्यांचं नाव कुठल्याही विवरणपत्रात नाही. त्या ३४९ रुपयांचं मोबाइल रिचार्ज मारतात, त्यात ५३ रुपये जीएसटी असतो. नातवाच्या वहीसारख्या काही वस्तू सोडल्या तर गोडेतेल, चहा, गॅसची टाकी अशा बऱ्याच वस्तूंत थोडाथोडा कर आहे. मुलगा मोटारसायकलवर कामाला जातो, त्याच्या पेट्रोलमध्ये केंद्राचं शुल्क आहे आणि राज्याचा व्हॅटही. कमाई सगळी खर्चातच जाणाऱ्या घरात या कराचा हिस्सा कमाईच्या मानाने मोठा पडतो. बाजूला टाकायला ज्याच्याकडे उरतं, त्याच्या उरलेल्या पैशाला जीएसटी लागत नाही. मावशी कर भरतात, फक्त त्याची पावती त्यांच्या नावाने निघत नाही.

म्हणूनच २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, ते मला १२ लाखांच्या घोषणेपेक्षा मोलाचं वाटतं. त्या सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पॅन कार्ड लागत नाही. दुकानदाराने भाव खरोखर उतरवला पाहिजे एवढीच अट, आणि ती सगळीकडे पाळली गेली का, हे बघायला हवं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने जुना माल संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. साबणाचा भाव उतरला, बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्याचा काही उतरला नाही. मोबाइल रिचार्जवरचे १८ टक्के तसेच आहेत. आज रिचार्जशिवाय मजुरीचे पैसे खात्यात आल्याचाही पत्ता लागत नाही, मग ते १८ टक्क्यांत का?

७ लाखांच्या आत कमावणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांना २०२५ च्या प्राप्तिकर सवलतीतून एक रुपयाही मिळाला नाही, हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ज्याची यादी सरकारकडे आहे त्याला द्यायला सोपं जातं, एवढंच. ३१ जुलै २०२४ पर्यंत त्या वर्षीची ७ कोटी २८ लाख विवरणपत्रं भरली गेली होती, आणि देशात माणसं १४० कोटींच्या वर. यादीबाहेरच्यांना द्यायचं तर वाट रेशनची, जीएसटीची, सरकारी दवाखान्याची आणि शाळेची. १ लाख कोटींतला वरच्या टोकाला गेलेला भाग तरी तिकडे वळवता आला असता.

राज्यापुरती गोष्ट तर त्याहून सोपी आहे. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, घटना बदलावी लागत नाही. बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे, तीच रेषा पुरुषांनाही लावायची. २,५०० ची कमाल मर्यादा १९८८ साली ठरली, ती वाढवायची असेल तर संसदेत जावं लागेल आणि तेही व्हायला हवं. पण खालच्याला वगळणं हे मुंबईतल्या विधिमंडळाच्या हातात आहे. आमच्या तालुक्यातल्या सल्लागारांनी मिळून तसं निवेदन तयार केलं आहे. त्यात सूतगिरणीतले कामगार, वॉचमन, दुकानातले नोकर यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या नावं झाकून जोडल्या आहेत. अधिवेशनाआधी ते आमदारांच्या हातात द्यायचं आहे. वॉचमननी त्यांची चिठ्ठी आपणहून दिली, आणि सही कुठं करायची ते विचारलं.