आण्णांचा पाय आणि सब्जा

फरशीवर रक्ताचे तीन ठसे दिसले तेव्हा आण्णा चहा पीत बसले होते. "कुणाला लागलंय बघ रं," असं त्यांनीच मला सांगितलं. शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर दिवसभर कापशी चप्पल घालून हिंडले, आत खडा अडकलेला, आणि पायाला पत्ताच नाही. २६ वर्षांची शुगर.

पहिला महिना आम्ही वाया घालवला. कुणी पावडर दिली, आत्यानं हळद पाठवली, मी रोज सकाळी त्यांचा पाय उन्हात ठेवायला लावायचो. जखम सुकली पाहिजे, एवढंच आम्हाला ठाऊक. सुकलीही, पण वरून. खाली पिवळट थर चिकटून बसला, कडांना घट्टे पडले.

मग मधुमेही पायाचे डॉक्टर गाठले. त्यांनी आधी पायातली नाडी चाचपली. आण्णांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवला. १० ग्रॅमचा दाब असतो म्हणे. "टेकवा की," आण्णा म्हणाले. तोवर चार ठिकाणी टेकवून झालं होतं.

घट्टे खरवडून त्यांनी हायड्रोजेलची ट्यूब लिहून दिली. घरी जेल बघून आण्णा भडकले, "ह्या चिकानं पाय कुजंल की!"

मी फ्रीजमधला भिजलेला सब्जा वाटीत घेऊन त्यांच्यासमोर बसलो. दाण्याभोवतीचा तो बुळबुळीत पडदा पाणी धरून ठेवतो, सांडत नाही. जेलचंही तेच. आत लांब रेणूंची जाळी, बाकी बहुतेक पाणीच. ते पाणी मेलेल्या पिवळ्या थराला मिळतं, थर मऊ पडतो आणि शरीरच तो विरघळवून टाकतं. नव्या कातडीच्या पेशींनाही सरकायला ओल लागते, खपली असली तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं १९६२ सालीच डुकरांवर हे दाखवलं होतं, झाकून ओल्या ठेवलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. आण्णांनी ऐकून घेतलं आणि सब्जा खाऊन टाकला.

पुढची चूक माझी. जास्त लावलं तर लवकर भरेल म्हणून कडेच्या चांगल्या कातडीवरही जेल थापत गेलो. धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी ती पांढरी, सुरकुतलेली झाली. डॉक्टरांनी झापलं. जेल खड्ड्यापुरतं, आणि जखमेतून पाणी वाहायला लागलं की जेल बंद, शोषून घेणारी पट्टी लावायची. मग त्यांनी विचारलं, "पेढीवर जातात का अजून?" जात होते. "मग ट्यूबा कशाला आणताय? प्रत्येक पावलाला वजन त्याच जागेवर पडतंय."

त्यानंतर, वजन त्या जागेवर पडू नये म्हणून, पायाला प्लास्टर चढलं. दर आठवड्याला ते उघडायचं, पट्टी बदलायची, पुन्हा चढवायचं. पेढीचा हिशेब फोनवर, आणि दिवसभर आईशी भांडण.

प्लास्टर उघडलं की मी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून मार्करनं कड काढून घ्यायचो. असे ११ तुकडे जमलेत. पहिल्यावर आवळ्याएवढा गोल आहे, परवाच्यावर मसुरीचा दाणा. आण्णांनी तो खिडकीकडं धरून बराच वेळ बघितला.

"चप्पल कुठं ठेवलीस?"

माळ्यावर आहे. सांगितलं नाही.