सुंड्सवालचा स्क्वादेर आणि अण्णांचं रफूकाम

स्टॉकहोमहून उत्तरेला सुंड्सवालला जाणारी गाडी मध्ये एका स्टेशनवर थांबते, त्याचा उच्चार आहे ‘येव्ले’. घोषणा ऐकली आणि मला आपलं पैठणीचं येवलं आठवलं. शेजारी बसलेल्या भाच्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, “मावशी, एक पेंढा भरलेला ससा बघायला तू चारेकशे किलोमीटर निघाली आहेस, हे आईला सांगू का?” म्हटलं, सांग की. आणि तो नुसता ससा नाही, हेही सांग.

सुंड्सवाल बॉथनियाच्या आखाताला लागून आहे. एका बाजूला उत्तरेचा डोंगर, दुसऱ्या बाजूला दक्षिणेचा, आणि मधल्या खोलगटात गाव. लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर हे गाव श्रीमंत झालं आणि २५ जून १८८८ रोजी लागलेल्या आगीत त्याचा बहुतेक मध्यभाग जळून गेला. नंतर तो दगडा-विटांनी बांधला, म्हणून त्या भागाला आजही ‘दगडी शहर’ म्हणतात. इमारती देखण्या आहेत, पण माझं लक्ष डोंगराकडे होतं. आम्ही चालतच निघालो. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं, तर खाली सगळं गाव आणि पलीकडे आल्नो बेटाकडे जाणारा लांबलचक पूल दिसत होता.

डोंगराचं नाव नोरा बेरिएत, म्हणजे उत्तरेचा डोंगर. तिथे जुनी लाकडी घरं आणून वसवलेलं मोकळ्यावरचं संग्रहालय आहे आणि तिथेच आहे तो पेंढा भरलेला, अर्धा ससा नि अर्धा पक्षी असा स्क्वादेर.

त्याची गोष्ट अशी. होकान डालमार्क नावाचे एक गृहस्थ सुंड्सवालच्या एका खाणावळीत मित्रांना शिकारीचे किस्से सांगत. १८७४ साली आपण अर्धा ससा आणि अर्धा पक्षी असा प्राणी मारला, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मंडळी हसली असतील, पण विसरली नाहीत. १९०७ साली डालमार्कांच्या वाढदिवसाला त्यांच्या घरी कामाला असणाऱ्या बाईंनी त्यांना एक चित्र भेट दिलं. बाईंच्या भाच्याने काढलेलं, त्याच प्राण्याचं! १९१२ मध्ये डालमार्क गेले. त्याआधी त्यांनी ते चित्र गावच्या संग्रहालयाला देऊन ठेवलं होतं. पुढे १९१६ साली एका प्रदर्शनात संग्रहालयाच्या प्रमुखांची रुडॉल्फ ग्रानबेरी या कारागिराशी गाठ पडली. मेलेल्या प्राण्यांची कातडी टिकवून त्यांना जिवंतपणीचा आकार देणं हा ग्रानबेरींचा व्यवसाय. प्रमुखांनी त्यांना किस्सा सांगितला, चित्राबद्दल सांगितलं आणि विचारलं, हा प्राणी करून द्याल का? १९१८ साली स्क्वादेर तयार झाला.

मला या साखळीतल्या त्या घरकाम करणाऱ्या बाई सगळ्यात जास्त आवडतात. मालकाची थाप त्यांनी मनापासून ऐकली होती. त्यांनी भाच्याला चित्र काढायला बसवलं नसतं, तर तो किस्सा डालमार्कांबरोबरच संपला असता.

आता प्राण्याविषयी. तोंड, पुढचा भाग आणि मागचे पाय सशाचे. पाठ, पंख आणि शेपटी ‘शेडेर’ नावाच्या, रानकोंबड्याच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्याच्या मादीची. नावही असंच जोडलेलं आहे: कलकलाट करणं या अर्थाच्या ‘स्क्वात्रा’ शब्दाचं डोकं आणि शेडेरची शेपटी. त्याला गमतीने भारदस्त लॅटिन नावसुद्धा दिलेलं आहे.

इथे मला अण्णांबद्दल सांगावं लागेल. माझे वडील रफूगार. पुण्यात पेठेतल्या एका जिन्याखाली त्यांनी चाळीस वर्षं शालू, सूट आणि शाली रफू केल्या. कपड्याला भोक पडलं की बाहेरचा दोरा ते लावत नसत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढायचे, ताणा-बाणा ओळखायचा आणि एकेक धागा वर-खाली घालत भोक भरायचं. काम झालं की गिऱ्हाइकासमोर कापड उजेडात धरायचे आणि म्हणायचे, “शोधा.” मी लहानपणी बोटाने चाचपून तरी शोधायचे. म्हणून स्क्वादेरसमोर उभी राहिले तेव्हा मीही आधी जोडच शोधला.

सापडला नाही. सशाच्या मानेवरची लव करडी-तपकिरी, मादी शेडेरची पिसंही तांबूस-तपकिरी, त्यांवर काळे-पांढरे पट्टे. मला वाटतं निम्मं काम या रंगांनी केलं आहे. नर शेडेर काळपट असतो, तो घेतला असता तर रेघ लांबूनच दिसली असती. खांद्यापाशी लव दाट होत जाते आणि तिच्यातूनच पहिली बारीक पिसं उगवल्यासारखी वाटतात. मी गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. एक आजोबा नातीला घेऊन आले होते, ते माझ्यासाठी बाजूला सरकून थांबले.

आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतात, देवळांत नरसिंह असतो. मिश्र देहांची मला सवय आहे. पण तिथे दगड एकच असतो, पाथरवटाच्या छिन्नीला जोडाची अडचण नाही. इथे दोन वेगळ्या जिवांची दोन वेगळी कातडी. सशाची ताणली जाते, पक्ष्याची कागदासारखी पातळ आणि चटकन फाटणारी. दोन्ही सोलून, स्वच्छ करून, किडीपासून राखून एकाच सांगाड्यावर चढवायची आणि वर त्यात चाल आणायची. शिकार मला आवडत नाही, कधी आवडणारही नाही. तरी या हातांपुढे मी नमस्कार केला, खरंच केला.

स्वीडिश भाषेत न जुळणाऱ्या गोष्टींची मोट बांधली की तिलाही ‘स्क्वादेर’ म्हणतात, असं भाचा म्हणाला. मला हे मुळीच पटलं नाही. असं म्हणणाऱ्यांनी एकदा डोंगर चढून यावं. गावाने मात्र त्याला अंतर दिलेलं नाही. १९८७ साली या मेदेलपाद प्रांताचा प्राणी निवडायची वेळ आली तेव्हा पुष्कळ गावकऱ्यांनी स्क्वादेरला मत दिलं. अखेर मान मिळाला तो डोंगरी सशाला, म्हणजे निदान पुढच्या अर्ध्या भागाला!

पुण्यात परतल्यावर अण्णांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, “पोटाकडून शिवलं असणार. सगळे फोटो वरूनच काढलेस होय गं?”