आईची कोळंबी

१७ मे, शनिवार. नागोया, रात्री साडेदहा.

आई झोपली. पाय सुजलेत, पण कुरकुर अजिबात नाही. ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी तिने आज केलेली कोळंबी ठेवली आहे. जिने आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नाही, तिने आज तेम्पुराची, म्हणजे पिठात बुडवून तळलेली, कोळंबी केली, आणि तीही पहिल्या फटक्यात जमली. मेणाची आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर ही वही कधी तिच्या हातात पडली तर माझी खैर नाही.

आई इथे येऊन तीन आठवडे झाले. तिची तक्रार एकच, इथे सगळ्याला मासा लागतो. खरंच आहे ते. नूडल्सचं पाणी घ्या, नाहीतर साधी उकडलेली भाजी घ्या, खाली दाशी असतेच, आणि दाशीत कात्सुओ माशाचा कीस. क्योतो झालं, नारा झालं, आणि प्रत्येक ठिकाणी आईने पिशवीतल्या दशम्या काढल्या. म्हणून आज म्हटलं, डोंगरातल्या गुजो हाचिमान गावाला जाऊ. तिथे निदान न खाण्याचे पदार्थ तरी बघायला मिळतील.

मिनो-ओताला गाडी बदलली. पुढची नागारागावा रेल्वे म्हणजे एकुलता एक डबा. सव्वा-दीड तास नागारा नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. डोंगर इतके जवळ की खिडकीतून हात काढला तर पान तोडता येईल. आई गप्प होती. मग म्हणाली, "पसरणीच्या घाटासारखंय." आईचं माहेर वाईचं. तिला जगातला कुठलाही डोंगर दाखवा, तो शेवटी पसरणीच्या घाटाजवळ येऊन थांबतो.

पण आज मलाही ते पटलं. गावाच्या मधोमध योशिदा नदी, स्वच्छ आणि खळाळती, आणि घरं थेट काठावर. शिनबाशी नावाच्या पुलावरून उन्हाळ्यात गावातली पोरं नदीत उड्या टाकतात, जवळपास बारा मीटरवरून. बाहेरच्यांनी हा उद्योग करू नये, असा इशाराही आहे. आई कठड्यावरून वाकून बघत राहिली. वाईच्या घाटावरून मामा मुटके मारायचा आणि आजी काठी घेऊन वर उभी असायची, ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. आज एकशे एक.

गल्ल्यांमधून दोन्ही बाजूंनी पाट वाहतात. सगळी लाकडी घरं एकमेकांना चिकटलेली. सतराव्या शतकातल्या मोठ्या आगीनंतर गावात हे पाणी खेळवलं. तरी १९१९ मध्ये गावाचा उत्तर भाग पुन्हा जळालाच. अजूनही घरांच्या वळचणीला बादल्या टांगलेल्या दिसतात. आईला वाटलं कपडे धुवायच्या. सांगितल्यावर म्हणाली, "शहाणी माणसं."

मग सोगीसुईचा झरा. पंधराव्या शतकातल्या सोगी नावाच्या कवीवरून त्याला नाव पडलं. १९८५ मध्ये सरकारने देशातल्या शंभर उत्तम पाण्यांची यादी काढली, त्यात हा आहे. मला त्या यादीपेक्षा गावातली पाण्याची टाकी बघायची होती, मिझुबुने म्हणतात ती. एकाखाली एक कप्पे. वरच्यातलं पाणी प्यायचं, खालच्यात तांदूळ नि भाज्या धुवायच्या, त्याच्याही खाली भांडी. भांड्याला लागलेली शितं खाली कुंडात जातात, तिथे मासे ती खातात. वरच्यात उष्टा हात घालायचा नाही.

"हे सोवळंच की गं!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाजूच्या आजीबाईंनी वळून बघितलं. मग दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत बसल्या. कोण आधी थांबणार, हा प्रश्न मीच सोडवला.

आता कोळंबी. जपानमध्ये हॉटेलाच्या दारात काचेमागे जे खोटे पदार्थ मांडलेले असतात, त्या धंद्याचा पाया घालणारे इवासाकी ताकिझो याच गावचे. १९३२ मध्ये त्यांनी ओसाकात कारखाना काढला. त्यांनी बनवलेला पहिला पदार्थ म्हणजे बायकोने केलेलं ऑम्लेट बघून घडवलेलं मेणाचं ऑम्लेट. आता हॉटेलांसाठीचा माल प्लास्टिकचा असतो, पण शिकायला येणाऱ्यांच्या हाती अजून मेणच देतात.

कार्यशाळेत लांबट हौदात कोमट पाणी होतं. शिकवणाऱ्या बाईंनी पिवळसर वितळलेलं मेण पेल्यात घेतलं आणि हात उंच धरून पाण्यावर धार सोडली. मेण पसरलं आणि त्याला बारीक भोकं पडली. त्यावर तयार कोळंबी ठेवायची, कडा हळूच तिच्याभोवती गुंडाळायच्या. झालं तेम्पुरा. माझं मेण हात खाली राहिल्यामुळे एका जागी साचलं, आणि कोळंबीला गोधडी पांघरल्यासारखी दिसायला लागली.

आई बघत होती. म्हणाली, "अगं, घावन आहे हे. पीठ वरून सोडलं नाही तर जाळी कशी पडेल?" पदर खोचला, पेला घेतला, मनगट जरासं फिरवत धार सोडली. अशी जाळी पडली की बाईंनी दोन्ही हात गालांवर नेले. "जोझु!" म्हणाल्या. त्याचा अर्थ आईला सांगावा लागला नाही.

कोबीसारखा सॅलडचा गड्डाही केला. आधी पांढरं मेण ओतायचं, त्याला लागून हिरवं, मग कड धरून ते पाण्याखाली ओढत न्यायचं. ओढता ओढता त्याला चुण्या पडतात आणि बघता बघता पान होतं. गुंडाळून गड्डा करायचा. मधोमध कापला की आत खऱ्यासारखे पदर. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. भाजी बघून काटा येण्याची ही पहिलीच वेळ.

दुकानांतली सुशीची कानातली आणि रामेनची लोहचुंबकं मात्र मला आवडली नाहीत. एवढी कला फ्रिजच्या दारावर कशाला चिकटवायची?

जेवणाचं काय? मी लोखंडी तव्यावरचं केइचान खाल्लं, मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात, मुरवलेलं कोंबडीचं मांस आणि कोबी. आईने तोंड नदीकडे फिरवून दशमी खाल्ली. पण नंतर तिला गोहेइमोची मिळाली, काडीवर थापलेला भात, वर गोड मिसो आणि अक्रोड, निखाऱ्यावर भाजलेला. दुकानदाराला तीनदा विचारलं, मासा नाही ना? नाही. दोन खाल्ल्या. शिवाय निक्कीच्या गोळ्या, म्हणजे दालचिनीच्या. तीन पाकिटं घेतली, भिशीतल्या बायकांसाठी.

मी हिनोकी लाकडाच्या गेता घेतल्या. पट्ट्याचं कापड आपण निवडायचं, समोरच ठोकून देतात. ऑगस्टमध्ये १३ ते १६ इथे रात्रभर, पहाटेपर्यंत नाच चालतो, आणि त्यात या खडावांचा ठेका हवाच. आई तेव्हा पुण्यात असेल. मी घरात घालून बघितल्या, चार पावलं टाकली आणि काढल्या. खालच्या मजल्यावरचे लोक सज्जन आहेत, त्यांची परीक्षा का घ्या.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल. आईने कोळंबी कॅमेऱ्याजवळ नेली. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"छान आहे. पण ऊन लागू द्यायचं नाही म्हणतेस, मग पुण्यात ठेवणार कुठे? इथे एकेचाळीस आहे आज."

"फ्रिजमध्ये ठेवू."

"आपल्या फ्रिजमध्ये?"

"अहो, मेणाची आहे."

बाबा जरा थांबले. "खालच्या कप्प्यात ठेव," म्हणाले. "दुधापासून लांब."