वेलचीचा वास
आज रंगपंचमी. इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली आणि आम्ही खिडक्या लावून घरात. गुलाल जरा उडाला तरी लेकाच्या सटासट शिंका सुरू होतात, रात्रभर तोंडानं श्वास घेतो पोर.

मागच्या वर्षी नाक मोकळं करणारे थेंब मी १५ दिवस घातले. चूकच. ते थोडेच दिवस घालायचे, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं. आता डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिलाय. रोज न चुकता मारायचा, पुरता गुण यायला १-२ आठवडे लागतात. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या दिशेनं धरायची. हे त्यांनी समोर करून दाखवलं.

आज बारावा दिवस. श्रीखंड घोटत होते, तर आतून ओरडला, "आई, वेलची घातलीस ना?"