सख्याचा वल्लभ होताना

ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते, आणि त्यांतही जुन्या मैत्रीतून प्रेम उमलणाऱ्या कथा मला अधिक जवळच्या वाटतात. या कादंबऱ्यांत लग्नापूर्वीच्या शारीरिक जवळिकीला सहसा जागा नसते. त्यामुळे एरवी जे काम एका स्पर्शावर भागते, ते येथे संवादातून, सोबतीने केलेल्या कामातून आणि विशेषतः प्रार्थनेतून साधावे लागते.

नायिका कित्येक वर्षे आपल्या मित्रासाठी प्रार्थना करीत आलेली असते. त्याचे आजारपण, गेलेली नोकरी, वडिलांशी धरलेला अबोला, हे सारे ती देवापुढे मांडते. मग एके रात्री ‘त्याला मनाजोगती सहचारिणी मिळू दे’ हे रोजचे वाक्य तिच्या ओठांशी येऊन अडते, जोडलेले हात तसेच राहतात, आणि हे मागणे आता आपल्या मनातून येत नाही, हे तिला उमगते. मित्रापासून ती हे लपवू शकेल, स्वतःचीही काही काळ समजूत घालू शकेल. परंतु देवापुढे खोटे बोलणे तिला जमत नाही. असा प्रसंग जिथे मन लावून लिहिलेला असतो, तिथे मी पान उलटायचे विसरते.

याउलट, ‘देवाने मला सांगितले, तूच माझा जोडीदार आहेस’ असे एक पात्र दुसऱ्याला सांगते, तेव्हा मी अस्वस्थ होते. देवाचेच नाव मध्ये आल्यावर समोरच्याने नकार तरी कसा द्यायचा? ज्या मैत्रीत दोघेही मोकळेपणाने बोलत होते, तिच्यातला तो मोकळेपणाच अशा वाक्याने हिरावला जातो.

पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, गीतरत्न या प्रेमकाव्यात वधू म्हणते, ‘हाच माझा वल्लभ, हाच माझा सखा.’ येथे वल्लभ आधी येतो आणि सखा नंतर, हे मला फार मोलाचे वाटते. कारण अनेक कादंबऱ्यांत प्रेमाची कबुली झाली की आधीची थट्टा, वाद आणि हक्काने केलेली कानउघाडणी एकदम नाहीशी होते, आणि ज्यांच्या मैत्रीसाठी मी पुस्तक हाती घेतले ते दोघे मला शेवटच्या प्रकरणात सापडतच नाहीत.

जॅनेट ओक यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’मध्ये तर लग्न आधी होते, सख्य नंतर जुळते आणि प्रेम त्याहूनही उशिरा येते. नुकतीच विधवा झालेली मार्टी, आईविना वाढणाऱ्या आपल्या मुलीसाठी तिला मागणी घालणारा क्लार्क, आणि वसंत ऋतूत तिला परत जावेसे वाटले तर प्रवासखर्च देण्याचे त्याचे वचन. क्लार्क हे वचन मागे घेत नाही आणि तिच्यावर घाईही करीत नाही, म्हणूनच तिचे थांबणे हा सर्वस्वी तिचा निर्णय ठरतो.